फुगलेली पूड

मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण एका माणसाबद्दल सांगायचं राहून गेलंय.

आमच्या प्रयोगशाळेत ते रसायनं खलायचे. सगळे त्यांना घोटूमामा म्हणत. खलाचा आवाज बदलला की पूड तयार झाली, हे त्यांना न बघता कळे. सुटीच्या दिवशी शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून देत.

मी तेव्हा फेराइटवर, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या चुंबकी पदार्थावर, प्रबंध करत होतो. त्यातल्या थोड्या लोखंडाच्या जागी लँथॅनम हे दुसरं मूलद्रव्य घालायचं आणि चुंबकत्व किती बदलतं ते मोजायचं. वजन मी करायचो, मामा तीन-तीन तास खलायचे, मग गोळी दाबून भट्टीत.

एकदा लँथॅनम ऑक्साइडची बाटली उघडून मामा म्हणाले, "साहेब, ही पूड फुगलीय."

"का, रुसलीय का कुणावर?" मी म्हणालो. सगळे हसले. मामाही हसले.

लँथॅनमचा अणू मोठा, लोखंडाच्या जागेत कसाबसा मावतो, शिवाय त्याला स्वतःचं चुंबकत्व नाही. म्हणून ते वाढवत नेलं की गोळीचं चुंबकत्व उतरायला हवं. माझ्या शेवटच्या गोळ्यांत ते हवं तितकं उतरत नव्हतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी कारण विचारलं. मी घाबरून बोलून गेलो, "मामांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

दुसऱ्या दिवसापासून मामा भांडारात बाटल्या पुसायला.

वर्षभरानं नवी बाटली आली. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : हवेतली ओल शोषते, तापवून मगच तोलावी. जुनी पूड तापवून पाहिली, तर सातवा हिस्सा वजन उडालं. म्हणजे मी लँथॅनमच्या भावात पाणी तोलत होतो. गोळ्या पुन्हा केल्या, आलेख हवा तसा उतरला, पदवी मिळाली. मामांना मात्र काही सांगितलं नाही. भांडारावरून जाताना मान खाली घालायचो.

निवृत्त झालो त्या वर्षी त्यांचं घर शोधत गेलो. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. मामी म्हणाल्या, "भांडारात गेले तेव्हापासून एका घड्याळाला हात लावला नाही यांनी. म्हणे, हात गेला माझा."

मग मी सगळं सांगितलं. जमेल तसं.

"ऐकलंत? मी तेव्हाच म्हणत होते!" मामी त्यांच्यावरच ओरडल्या.

मामांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. ती थरथरत होती. "म्हणजे तेव्हा हात होता," ते म्हणाले. "तेव्हा सांगायचं होतंत, साहेब. आता खरंच गेलाय."

दारापर्यंत पोचवायला मामी आल्या. मामा उठले नाहीत.