घाबरट चाचा आणि माझ्या नावाच्या गोळ्या

लोणावळ्याच्या बाजारात औषधांचं दुकान चालवणारे, सगळं गाव ज्यांना चाचा म्हणायचं ते आमचे चाचा एक नंबरचे घाबरट. कुत्र्याला घाबरायचे, घाटातल्या धुक्याला घाबरायचे आणि औषध निरीक्षकाला तर इतके, की हातात बॅग घेतलेला अनोळखी माणूस दुकानाशी थांबला तरी चाचा परवाना शोधायला लागत. लोक चेष्टा करत. "घाबरतो म्हणून तर झोप लागते मला," असं चाचा गंभीरपणे सांगत.

सगळ्यात मोठी भीती सवय लावणाऱ्या गोळ्यांची. त्या कुलपात असत आणि पेशंटला स्वतः पाहिल्याशिवाय चाचा कुलूप काढत नसत. कुरवंड्याच्या एक आजी एकदा लय वैतागल्या. "आरं बाबा, म्हातारा खाटंवर पडलाय, त्याला हितं कुटं आणू?" चाचांनी दुकान बंद केलं, आजींना स्कूटरवर मागं बसवलं आणि भर धुक्यात, जीव मुठीत धरून कुरवंड्याला जाऊन म्हाताऱ्याला पाहून आले.

त्यातून डॉक्टरनं घरच्याच माणसाला लिहिलेली चिठ्ठी आली, की विचारूच नका. "परक्याला डॉक्टर तपासून लिहितो, घरच्याला मायेनं. मला त्या मायेची भीती वाटते," म्हणायचे.

एके दुपारी चाचा आमच्या दारात उभे. माझे यजमान डॉक्टर, गावात मोठा मान. चाचांचं दुकान बहुतेक यांच्याच चिठ्ठ्यांवर चाले. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "वहिनी, झोप येत नाही का तुम्हाला? डॉक्टरसाहेबांनी तुमच्या नावानं गोळ्या लिहिल्यात."

"मला? उशीला डोकं टेकलं की घोरते मी."

चाचा हसले नाहीत. सकाळी हाका मारूनही न उठणारे, हातातला चहा सांडणारे आमचे हे डोळ्यांसमोर आले. त्याच हातांनी ते लोकांना टाके घालत होते.

गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून संध्याकाळी हे दुकानात जाऊन ओरडले, यापुढं एक पेशंट पाठवणार नाही म्हणाले. मी मागं धावत गेले होते. चाचा कुलपाच्या कपाटाला पाठ लावून उभे होते. "साहेब, मी भित्रा माणूस आहे. वहिनींच्या नावाच्या गोळ्या माझ्याच्यानं देववणार नाहीत." हे घरी आले, पायरीवर बसले आणि रडले. मग गोळ्या सुटायला पुण्याला उपचार झाले. फार अवघड दिवस होते ते, पण हे सावरले.

चाचा गेल्या वर्षी वारले. दुकान आता एका तरुणानं घेतलंय. हसतमुख, कुणाला न घाबरणारा. परवा सर्दीचं औषध घ्यायला गेले, तर त्यानं आणखी एक पुडकं पुढं सरकवलं. "मॅडम, तुमच्या झोपेच्या गोळ्या. सरांचा फोन आला होता."

मी पुडकं तसंच मागं ढकललं. "बाबा रे, मी भित्री बाई आहे. ठेव त्या परत आत."

तो हसला. त्यानं त्या कपाटात ठेवून कुलूप लावेपर्यंत मी काउंटर धरून उभी राहिले. आता घरी जाऊन यांना विचारायचं होतं आणि मला घरी जायची भीती वाटत होती. चाचा असते, तर घाबरत घाबरत का होईना, सोबत आले असते.