निकाहातल्या अक्षता

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा देशातली माणसं एकमेकांच्या अधिक जवळ आली. मी तर भोपाळात एका गृहस्थाच्या थेट घरातच शिरायला निघालो होतो. मला भाड्याने खोली हवी होती.

नागपूरची राजधानी गेली आणि आम्हा कारकुनांना फायलींबरोबर भोपाळला धाडण्यात आलं. आमच्या घरी हे परदेशगमनच समजलं गेलं. आईने मेतकूट बांधून दिलं, सासऱ्यांनी जपून राहायला सांगितलं, आणि बायको माहेरी बसून दर पत्रात एकच विचारू लागली: खोली मिळाली का?

खोली होती एका जुन्या संस्थानी नोकराच्या माडीवर. आत लग्नासाठी आणलेल्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. "पीछे खिडकी है. तालाब दिखता है," घरमालक म्हणाले. मात्र ती मला द्यायची की नाही, हे मुलीच्या निकाहानंतर ठरणार होतं. "पहले शादी में तशरीफ लाइए, फिर देखेंगे."

हे बायकोला कळवलं, तर उत्तराच्या पाकिटात कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी. 'धर्म कोणताही असो, मुलीला आशीर्वाद द्यायला काय जातं? टाका.' या विषयावर मी दोन-चार जाडी पुस्तकं वाचलेली होती. तरी पुडी खिशात घातली. नंतर पत्रात खोटं लिहावं लागू नये, एवढाच हेतू.

पत्रिकेवर सकाळचे अकरा होते. मुहूर्त चुकवायची सवय नसल्यामुळे मी पावणेअकराला हजर. घरमालक बनियनवर दाढी करत होते. "खैरियत तो है?" त्यांनी घाबरून विचारलं. वरात दुपारी दोनला आली. तोवर मी सतरंज्या अंथरल्या, पाणी भरलं, आणि दोघा पाहुण्यांनी मला आचारी समजून जेवणाची चौकशी केली.

नवरदेव फुलांच्या सेहऱ्यामागे दडलेला होता. काझीसाहेबांनी तीनदा विचारलं, त्याने तीनदा "कबूल है" म्हटलं. सगळ्यांचे हात दुव्यासाठी वर गेले. लग्नात हात वर गेला की पुढे काय करायचं, हे माझ्या हाताला मुंजीच्या वयापासून ठाऊक. मूठ कधी भरली, कधी उघडली, मला कळलंच नाही.

लाल तांदूळ काझीसाहेबांच्या दाढीत अडकले, उरलेले निकाहनाम्याच्या ओल्या शाईवर चिकटले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खोली गेली, हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात पडद्याआडून वधूच्या आजीचा आवाज आला, "ऐ मियाँ, बिर्याणी तो पकने देते! चावल अभी से परोस दिए?"

आधी काझीसाहेब हसले, मग सगळा मांडव. लगेच त्यांच्या रिवाजाप्रमाणे खारका उधळल्या गेल्या. अक्षता अंगावर पडल्याचं कळतही नाही. कपाळावर बसलेली खारीक मात्र मला दोन दिवस कळत होती.

मुलगी सासरी गेल्यावर घरमालक रुमालाने डोळे पुसत माझ्याकडे आले. "वो क्या फेंका था, भाईसाहब?"

"घरवाली ने भेजा था," मी म्हणालो. "बिटिया सुखी रहे, इसलिए."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "उन्हें बुला लीजिए. कमरा आपका."

पुढच्या रविवारी बायको आली. तिला आधी तलाव बघायचा होता. आम्ही दोघांनी मिळून सगळ्या गाद्या खाली उतरवल्या.

मागे भिंत होती.