साळुंकेबाईंची राहिलेली भिंत

आमच्या साळुंकेबाई इस्तंबूलला जाऊन आल्या, आणि ज्यासाठी गेल्या होत्या तेवढंच बघायचं राहिलं. आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

बाई सिल्लोडच्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायच्या. पुस्तकात एकच ओळ होती : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. रिकाम्या जागेत तेवढा सन भरला की मार्क मिळायचा. पण बाई त्या ओळीवर अख्खा तास घालवायच्या. फळ्यावर आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली उंच भिंत. शहर हजार वर्षं तिच्या भरवशावर कसं निवांत झोपलं आणि शेवटी तोफांनी तिला कसं भगदाड पाडलं, हे सांगताना त्यांचा पदर खडूनं पांढरा व्हायचा. त्यांचे मिस्टर कडुबा सर शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. ते दारातून डोकावून म्हणायचे, "लई झालं भिंतपुराण! माझी पोरं गणित सोडून तुमच्या तोफा ऐकू लागलीत." आणि जाता जाता आम्हालाच सांगायचे, "रिटायर झालो की यांना त्या भिंतीपुढं नेऊन उभं करतो. मग तरी आवाज कमी होईल."

सर त्याआधीच गेले. पुढं बाई शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आल्या, योगायोगानं माझ्याच वरच्या मजल्यावर. भिंतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं. क्रांती चौकातल्या साडीच्या दुकानवाल्या सोनियानं बायकांची इस्तंबूलची छोटी ट्रिप ठरवली, तेव्हा मात्र पहिलं नाव बाईंचं लागलं.

कार्यक्रमात मशिदी होत्या, राजवाडा होता, बाजार तर दोनदा होता. भिंत कुठंच नव्हती. बाईंनी टूरवाल्या सत्यमला गाठलं. तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी आहे मॅडम. मी टॅक्सी सांगून ठेवतो, तुम्ही बघून या." बाईंनी लगेच बूट घेतले आणि ते सवयीचे व्हावेत म्हणून रोज गल्लीतून चकरा मारू लागल्या. थंडीसाठी सरांचा जुना कोट काढला. बाह्या लांब होत्या, त्या मी आत दुमडून शिवून दिल्या.

शेवटच्या दिवशी त्यांचा मेसेज आला, 'निघतेय.' मी दिवसभर फोन हातात धरून बसले. भिंत काही आली नाही. संध्याकाळी सोनियाचे फोटो आले. त्या दिवशी संक्रांत होती. हॉटेलच्या लॉबीत काळ्या साड्यांतल्या आमच्या बायका, कपाळभर कुंकू, हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्या, मागं कौतुकानं बघणारे गोरे पाहुणे. हौसेला मोल नसतं, ठीक आहे. पण बाई एकाही फोटोत नव्हत्या. मला वाटलं, बरं झालं, बाई भिंतीकडं गेल्या.

आल्या त्या दिवशी चहा घेऊन वर गेले. कोट खुर्चीवर घडी करून ठेवलेला होता.

"बाई, भिंत?"

"राहिली गं."

मी काही बोलायच्या आत त्याच सांगू लागल्या. टॅक्सी दारात येऊन उभी होती. त्या कोट घालून खाली उतरल्या, तर सोनिया हळदीकुंकवाचं ताट मांडत होती. बाई नेहमीच्या सवयीनं कडेकडेनं निघाल्या. सर गेल्यापासून असल्या ठिकाणी त्यांना कुणी बोलवत नाही, आणि बोलवलं नाही म्हणून त्या रुसत नाहीत. पण सोनियानं पळत येऊन हात धरला. म्हणाली, "बाई, कुठं चाललात? थांबा ना! तुमच्याशिवाय कसं जमंल?"

"मग?"

"मग काय. टॅक्सी परत पाठवली. कोट काढला. केस नीट केले."

"आणि?"

"सगळ्या ओळीनं बसल्या. मी पण टोकाला बसले. सोनिया ताट घेऊन एकेकीला लावत लावत आली. माझ्यापाशी आली आणि ताट बाजूला ठेवून तिनं माझ्या हातात मोबाइल दिला. म्हणाली, बाई, आता तुम्ही फोटो काढा. सगळ्याजणी यायला पाहिजेत हं."

माझा संताप संताप झाला. सोनिया वाईट नाही, हे मला माहीत आहे. तिच्या मनातही आलं नसेल, आणि मला राग त्याचाच येतो. मी म्हणाले, "तिथून उठून दुसरी टॅक्सी का नाही केली?"

"फोटो काढता काढता निघायची वेळ झाली."

"पण मुळात थांबलातच कशाला बाई? जन्मभर ज्या भिंतीचं..."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. वर्गात आम्ही चुकीचं उत्तर दिलं तरी त्यांचा चेहरा असा कधी पडला नव्हता.

"मला वाटलं गं, लांब परदेशात आलोय, इथं कोण काय बघतंय. इथं मला लावतील."

त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला, दुमडलेल्या बाहीवरून हात फिरवला आणि कपाटात टांगला.

"भिंतीनं मला काही विचारलं नसतं," त्या म्हणाल्या. "तिकडंच जायला पाहिजे होतं."