वाघ दिसला नाही तेव्हा

आई आमच्याकडे कायमची राहायला आल्यावर एका रविवारी मी तिला शहरातलं नवं प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं. तिथे पिंजरे नाहीत. वाघालासुद्धा खंदकापलीकडे बांबूचं बन आणि उंच गवत दिलेलं आहे.

कठड्याशी अर्धा तास उभे राहिलो, पण वाघ काही दिसेना. शेजारचे एक गृहस्थ वैतागून रखवालदाराला म्हणाले, "अहो, बाहेर काढा की त्याला!"

"त्याच्या मनात आलं तर येईल, साहेब."

मीही खट्टू झालो. आई मात्र गवताकडे बघत खुशीत हसली. "किती छान आहे रे त्याचं! कुणी आलं की उठून बसायला नको."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आई आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. बेल वाजली की पदर सावरून उठून बसायची आणि येणाऱ्याला हसून 'या' म्हणायची. आपण माणसावर माया करतो, त्याला हवं-नको विचारतो. पण त्याला कधीतरी कुणाच्याच नजरेस पडू नये असं वाटत असेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

संध्याकाळी मी माझ्या खोलीतलं टेबल हॉलमध्ये आणलं आणि आईसाठी आत कॉट लावली. "अरे, मला कशाला वेगळी खोली?" असं म्हणत ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून गाणं ऐकू आलं. सूर जरा इकडेतिकडे होता, पण आवाज अगदी मोकळा होता. आई गाते, हे मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळलं.