छपरावरची विद्यामावशी

विद्यामावशी कुणाच्याही घरी जेवायला गेली, की आत शिरण्याआधी बाहेर उभी राहून छप्पर न्याहाळायची. "डिश झाडाच्या आड बसवलीय तुम्ही," असं यजमानांना ऐकवून मगच चपला काढायची. अमेरिकेत चँडलरमधल्या आमच्या मराठी मंडळींत तिच्या या सवयीची भरपूर चेष्टा व्हायची. तिला फिकीर नव्हती. मूळची नागपूरची, सगळी नोकरी अँटेना डिझाइन करण्यात गेलेली, काका गेल्यापासून एकटीच. माझी ती फक्त शेजारीण. पण माझ्या नोकरीपासून वरणाच्या फोडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीत तिचं मत असायचंच.

"सिग्नल येतच असतो गं," ती म्हणायची. "मध्ये कोण तडमडलंय, ते बघायचं."

तिची मुलगी रिया अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात नर्स आहे. गावाला रस्ता नाही, डॉक्टरही नाही; पेशंट व्हिडिओवरून शहरातल्या डॉक्टरांना दाखवायचे. गेल्या हिवाळ्यात बर्फाने समुद्रातली केबल तोडली आणि सगळं इंटरनेट गेलं. दुरुस्तीचं जहाज येणार ते थेट उन्हाळ्यात, समुद्र मोकळा झाल्यावर. रियाने क्लिनिकच्या सॅटेलाइट फोनवरून सांगितलं, "मॉम, आय कान्ट शो द डॉक्टर एनिथिंग."

मावशी लगेच माझ्या दारात हजर.

"मुक्ता, सुट्टी टाक. आता ध्रुवावरून जाणारे सॅटेलाइट आहेत. डिश घेतलीय, परवानगी रिया काढतेय. स्क्रू आवळायला तू चल."

"मावशी, तुझे गुडघे?"

"ते इथेही दुखतातच ना, यार!"

शेवटचा टप्पा आठ-दहा माणसांच्या विमानाचा होता. खाली जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. गोठलेल्या जमिनीत खांब रोवून त्यांवर उभं केलेलं लाकडी क्लिनिक, आणि शिडी घेऊन आमची वाट बघणारा गावचा मेकॅनिक पीटर. मावशी चहासाठीसुद्धा थांबली नाही. स्कार्फमध्ये नाक खुपसून छपरावर चढली आणि तिथूनच आम्हाला हुकूम सोडू लागली.

छपरावर एक खांब उभा करून त्यावर बसवलेली डिश सुरू झाली. रियाच्या लॅपटॉपवर अँकरेजच्या डॉक्टरांचा चेहरा उमटला, तेव्हा खाली जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मावशीने छपरावरूनच झकास वाकून नमस्कार केला!

डिशच्या खांबाला धरून ठेवणारे तारांचे ताण बांधायचे बाकी होते, तोच एक आई आपल्या तान्ह्या मुलीला, नोराला, कुशीत घेऊन धावत आली. पोरीला श्वास घेता येत नव्हता. वारा चढला होता, बर्फ आडवा उडत होता. विमान येणं शक्यच नव्हतं. आणि डिश हलू लागली. आतून रिया ओरडली, "मॉम! पिक्चर गेलं!"

मावशीने खांबाला मिठी मारली. मी वर चढून दुसऱ्या बाजूने, पीटर खालून.

"हलू नकोस, मुक्ता. आत्ता आपणच खांब."

"पिक्चर इज बॅक! डोन्ट मूव्ह!"

डॉक्टर म्हणाले, "मला तिची छाती दाखवा." नुसतं ऐकून साधा खोकला वाटला असता. पण प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना त्यांनी पाहिल्या. त्यांनी औषध बदललं, रियाला मास्क कसा धरायचा ते दाखवलं आणि ते समोर बसून राहिले. वर माझी बोटं बधिर झाली होती. मावशीचे ओठ निळे पडले होते, पण हात सैल होत नव्हते. खूप वेळाने खिडकीतून नोराचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, चिडकं रडणं!

"ऐकलंस?" मावशी ओरडली. "ऐकलंस ना?" आणि आम्ही दोघी त्या खांबाला धरूनच हसत सुटलो. पीटरने ताण बांधले, तेव्हा कुठे तिने हात सोडले.

सकाळी आकाश निवळलं आणि विमानाने नोराला हॉस्पिटलमध्ये नेलं. ती बरी होऊन परतेपर्यंत आम्ही शाळेवरही डिश बसवली.

मी निघाले त्या दिवशी मावशी धावपट्टीवर आली, पण हातात फक्त हत्यारांची पिशवी.

"तुझी बॅग?"

"मी येत नाही. शेजारच्या गावाचीही तीच केबल होती. त्यांनी बोलावलंय, पीटर सोडतोय. शिवाय इथल्या पोरींना डिश बसवायला शिकवायचंय. माझ्या घरातली तुळस तू तुझ्याकडे ने. आणि पाणी जास्त घालू नकोस, तुला सवय आहे."

"मावशी, अगं, पण परत कधी?"

"फोन कर की! आता लागतो."

विमान उडून वळलं, तेव्हा खाली बर्फावर पीटरची स्नोमोबाइल सुसाट चालली होती आणि मागे लाल जाकिटातली मावशी पिशवी कवटाळून बसली होती. तिला दिसणार नव्हतं, तरी मी काचेला नाक लावून वेड्यासारखी हात हलवत राहिले.