शेवटच्या पानावरचे मयेकरकाका

मयेकरकाका आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत पहिल्यांदा आले ते भांडायलाच. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी हाफ पँट, हातात आमच्याच अंकाची गुंडाळी. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवून ते आत आले आणि विचारते झाले, "ह्या शेवटचा पान कोण लिहितो?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "अगो बाय, आपल्या रत्नागिरीत बर्फ कंच्या आळीत पडला?"

मला काही कळेना. त्यांनी अंक टेबलावर पसरला. शेवटच्या पानावर ‘घर-परसू’ नावाचं सदर असायचं. ते भरायचं काम माझ्याकडे होतं आणि मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या आठवड्यात इंटरनेटवरचा कुठलासा लेख मी भराभर मराठीत उतरवला होता. हिवाळा सुरू झाला, आता कुंड्या घरात घ्या, नळांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर आतलं पाणी गोठेल. इथं भर मार्गशीर्षात पंखा लागत होता, आणि हे मी छापून मोकळी झाले होते.

"माझ्या बायकोन वाचलां आणि दोन कुंड्या उचलून पडवीत आणल्यान. कमरेत लचक भरली तिच्या. म्हटलां, हा शहाणा हाय तरी कोण, जरा बघून येऊ."

माझा चेहरा बघून बहुतेक त्यांना दया आली असावी. मी म्हटलं, "काका, चुकलंच. मग तुम्हीच सांगा, या आठवड्यात खरं काय करायला हवं?" ते खुर्चीवर बसले आणि अर्धा तास बोलत राहिले. आंब्याला मोहोर यायच्या दिवसांत झाडाखाली कचरा का पेटवू नये, वालाला पाणी कधी तोडावं, पावसाळ्यात फुगलेली दारं आता आकसतात तेव्हाच बिजागऱ्यांना तेल का घालावं. मी लिहून घेतलं. पुढच्या अंकात ते त्यांच्या नावानं छापलं आणि पुढची सात वर्षं दर सोमवारी साडेदहाला दाराबाहेर त्या चपला दिसत राहिल्या.

काका मालवाहू जहाजावर ग्रीझर होते, म्हणजे इंजिनाला तेल-वंगण घालणारे. उभं आयुष्य त्यांनी पाण्याच्या पातळीखालच्या इंजिनाच्या खोलीत काढलं. "आठ आठ महिने हिरवा म्हणून काय दिसायचा नाय गो. दिसला तर इंजिनाचा रंग." रिटायर होऊन भाट्याला परत आल्यावर त्यांनी घरामागच्या चार गुंठ्यांत असं काही मांडलं की जाणारा-येणारा दगडी गडग्याशी थांबायचा. पडवळांच्या टोकांना दगड बांधून टांगलेले, सुपारीवर चढवलेली मिरीची वेल, अळवासाठी न्हाणीच्या पाण्याची वाट वळवलेली.

ते स्वतः लिहीत नसत. "मी सांगतो, तू लिही. आणि सुधारू नको." खिशातून मात्र काहीतरी निघायचंच. कधी काळी पडलेली पानं, कधी काडेपेटीत कोंडलेला भुंगेरा. एकदा आठ गोगलगायी त्यांनी माझ्या टेबलावर सोडल्या आणि त्यांना हातानं वेचून राखेचं कडं कसं घालायचं ते करून दाखवलं. आमच्या संपादकांनी, जोगळेकर सरांनी, तेव्हापासून सोमवारी साडेदहाला बाहेर चहाला जायचं ठरवून टाकलं.

झाडांबद्दल ते इंजिनासारखंच बोलत. "कारल्याचा वेल काय ओरडून सांगत नाय. हात लावून बघायला लागतो, गरम झाला काय." आणि कोणी खत किती घालायचं असं विचारलं की चिडत. "तुला भूक किती लागली ता मी कसा सांगू?"

सदराच्या शेवटी दोन ओळी ते मोकळ्या वेळासाठी सांगायचे. आषाढात लाडूचे डबे उन्हाची वाट न बघता चुलीच्या धगीशी कोरडे करा, मग शेजाऱ्यांना बोलवा आणि पत्ते खेळा. फाल्गुनात संध्याकाळी भाट्याच्या पुलावर जा, उभे राहा, फोटो काढू नका. जोगळेकर सरांना हे निरर्थक वाटे. "जागा खातंय," ते म्हणत. काका म्हणत, "सर, माणूस कामातच मेला तर बाग बघणार कोण?"

सगळं असं छान चालू असताना एका वर्षी दसऱ्याच्या आधी काकांनी ठामपणे सांगितलं, "लिही, पाऊस गेला. वारा फिरलाय. लाल माठ, मुळा पेरून घ्या, मिरचीची रोपं लावा. थांबू नका." मी लिहिलं. लोकांनी पेरलं. काकांनी सांगितलं म्हणजे पेरायचंच, इतका विश्वास तोवर बसला होता.

दहाव्या दिवशी परतीचा पाऊस आला आणि चार दिवस हलला नाही. कोवळी रोपं वाफ्यांसकट वाहून गेली. कचेरीतला फोन वाजत राहिला. एक फोन खाडीपलीकडच्या वाडीतून होता, सरिता घवाळी यांचा. त्या भाजी पिकवून बाजारात बसत. नवरा मुंबईला कामाला, शेत एकटीच्या अंगावर. "तुमच्या काकांना सांगा," त्या म्हणाल्या, "त्यांचा परसू हौशीचा आहे. माझं पोट आहे." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी काका आले तेव्हा खिसा रिकामा होता. मी सगळं सांगितलं. सरिताताईंचं वाक्य गाळावं असं वाटत होतं, पण तेही सांगितलं. 

जोगळेकर सर त्या दिवशी चहाला गेले नव्हते. ते म्हणाले, "मयेकर, पाऊस काय तुमच्या हातात आहे? दोन आठवडे सदर बंद ठेवू. लोक विसरतात."

"सर, इंजिनात काय बिघडला तर आमी घंटा वाजवायचो. लपवला तर जहाज बुडतां." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. वर, मोठ्या अक्षरात. माझी चूक झाली. वारा फिरला म्हणून मी पाऊस गेला असा समजलो. ढग बघितले नाय. ज्यांची रोपां गेली त्यांनी कळवा, मी रोपां घेऊन येतो."

ते तसंच छापलं. काकांनी कातळावर उन्हात, रिकाम्या करवंट्यांत केलेली मिरचीची आणि वांग्याची रोपं पावसात पडवीत घेतल्यानं वाचली होती. स्कूटरच्या पुढ्यात त्यांची टोपली ठेवून काका घरोघर निघाले. बहुतेकांनी चहा पाजला, काहींनी रोपं घेतलीही नाहीत, "काका, तुम्ही आलात तेच खूप" म्हणून परत पाठवलं. सरिताताईंकडे जाताना मात्र ते मला म्हणाले, "बाय, तू चल. एकट्याला भीती वाटते."

सरिताताई वाफ्यातला चिखल उपसत होत्या. काकांना बघूनही कुदळ थांबली नाही.

"रोपां आणलीत," काका म्हणाले.

"ठेवा तिथं. उद्या परत पाऊस आला की परत आणाल?"

काका चपला काढून चिखलात उतरले, वाफ्याभोवती फिरले, वाकून पाण्याची वाट बघितली. मग म्हणाले, "तुमची जमीन सखल हाय. सपाट वाफ्यात माझी रोपां पण वाचली नसती. वीतभर उचलून वाफे करू, मधून चर काढू. मी येतो रोज."

"तुमचं वय काय, काका?"

"बाहत्तर. पण कुदळ तुमची चांगली हाय."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. काका आठ दिवस रोज सकाळी गेले. दिवाळीनंतर सरिताताईंच्या लाल माठाची पहिली जुडी कचेरीत आली. सोबत चिठ्ठी: वाफे चांगले झालेत, पण चर मी अजून खोल केले, काकांना सांगा. काकांनी पुढच्या सदरात ते त्यांच्या नावानिशी छापायला लावलं. मग इतरांचीही पत्रं यायला लागली. कोणाच्या दारची कोकमं कधी पिकली, कोणाकडे ढग कुठून आले. काका ती मला वाचायला लावत, डोळे मिटून ऐकत, आणि मधेच म्हणत, "ह्या मला ठाऊक नव्हता." म्हणताना त्यांना केवढा आनंद व्हायचा!

यंदा चैत्रात त्यांना धाप लागू लागली. हॉस्पिटलात ठेवलं. सोमवारी मी वही घेऊन तिकडेच गेले. त्यांच्या बायको उशाशी बसल्या होत्या. "आज काय सांगू नका," त्या म्हणाल्या. काकांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"लिही," ते म्हणाले. "ह्या आठवड्यात कोणी काय करू नये. पन्हळी साफ करायला, लाकडां भरायला अजून वेळ हाय. करवंदां पिकलीत. रविवारी घरातल्या सगळ्यांनी कातळावर जावा आणि खावा. घरी आणू नका, तिथंच खावा."

"बस एवढंच?" मी विचारलं.

"पुष्कळ झालां."

अंक गुरुवारी निघाला. शनिवारी पहाटे काका गेले. दुपारी भाट्याच्या किनाऱ्याकडच्या स्मशानात आम्ही सगळे होतो. सरिताताई होडीतून उतरून थेट तिथं आल्या, काकांच्या बायकोचा हात धरून उभ्या राहिल्या.

रविवारी मला घरात बसवेना. मी एकटीच कातळावर गेले. वाटलं होतं, कोणी नसेल. पण करवंदीच्या जाळीजाळीशी माणसं होती. कोणाची बायको काट्यात पदर अडकून हसत होती, कोणी पळसाच्या पानाचे द्रोण करत होतं, एक आजोबा जमिनीवर फतकल मारून नातीनं तोडलेली करवंदं खात होते. सगळ्यांचे ओठ जांभळे झालेले. काका गेल्याचं वर्तमान अजून गावभर पोचलं नव्हतं.

एक म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, "किती वर्षांनी आले गो मी इथं! त्या मयेकरांनी लिहिलंन ना पेपरात, म्हणून सुनेला म्हटलं, चल. भेटतात काय गो ते तुला?"

"भेटायचे सोमवारचे," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या टाचा उंचावून वरच्या फांदीकडे हात नेत होत्या. हात पुरत नव्हता. मी ती फांदी वाकवली आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत धरून ठेवली.