अक्कांची ओसरी

अक्कांइतकी संशयी बाई मी पाहिली नाही, आणि तितकी अगत्याचीही. तमिळनाडूत कुंभकोणमच्या आमच्या छोट्या कंपनीत त्या सायबर सुरक्षेच्या प्रमुख होत्या. आम्ही इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. मी सांगलीहून नवा गेलो तेव्हा तिथे मराठी कानावर पडेल अशी आशाच नव्हती. अक्कांनी पहिल्याच दिवशी माझा लॅपटॉप काढून घेतला आणि म्हणाल्या, "भिऊं नको. पाहून देतें. तूं कापी पी." कापी म्हणजे कॉफी. तंजावरच्या मराठा राजांच्या वेळची ती मराठी ऐकून मी लॅपटॉप विसरलोच.

आजकाल सगळं सॉफ्टवेअर स्वतःच्या हातानं कुणी लिहीत नाही. निम्मंअधिक सामान ओपन सोर्स, म्हणजे जगाच्या पाठीवरून फुकट उचलून आणलेलं. त्यातच चोर लपून येतात. त्यांच्यासाठी अक्कांनी एक वेगळा सर्व्हर ठेवला होता, त्याचं नाव 'ओसरी'. जवळच्या पट्टीश्वरम गावी त्यांच्या घरी रीतच होती: अनोळखी माणसाला ओसरीवर बसवायचं, कापी द्यायची, गावगोत विचारायचं, मगच आत. तसंच बाहेरच्या कोडाचं नवं पॅकेज आलं की आठवडाभर ओसरीवर. "कोण हा? कोणाचा? कोणीं धाडला?" अशी अक्का त्याची उलटतपासणी करीत. आम्ही घाई केली की ठरलेलं उत्तर यायचं, "चांगल्या पाहुण्यास घाई नसते."

मात्र जुन्या ओळखीच्या पाहुण्याला ओसरीवर ताटकळत ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. हीही घरचीच रीत, आणि तीही अक्कांनी जशीच्या तशी ऑफिसात आणली होती. वर्षानुवर्षं वापरातली पॅकेजं सरळ आत जात. तिथेच सगळे फसले. रिपोर्ट छापायचं एक पॅकेज होतं, अगदी घरच्यासारखं. ते लिहिणाऱ्याचं खातं कुणीतरी बळकावलं आणि नव्या आवृत्तीत पासवर्ड चोरणारा कोड घुसवला.

अक्कांच्या ते ध्यानात आलं एका साध्या गोष्टीवरून. ज्या मशीनवर आमचा प्रोग्राम तयार व्हायचा, ते भलत्याच पत्त्यावर काहीतरी पाठवत होतं. "चुलीनें परगांवास निरोप कशास धाडावा?" म्हणत त्यांनी त्याचं नेटवर्क तोडलं आणि आम्हाला सगळे पासवर्ड बदलायला बसवलं. पण त्या मशीनवर पापनाशमच्या एका इस्पितळाचाही पासवर्ड होता. ते आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. ते गेलं असतं तर निम्म्या लोकांना घरी बसावं लागलं असतं. आमचे मालक हवालदिल होऊन तमिळमध्ये विनवत होते, "नक्की काय ते कळेपर्यंत थांबू या." अक्कांनी त्यांच्यासमोरच तिथल्या डॉक्टरांना फोन लावला आणि तमिळमध्येच सांगितलं, "चोर आमच्या दारातून आला. मीच त्याला आत घेतलं. आधी पासवर्ड बदला, मग मला हवं ते बोला."

डॉक्टर हवं ते बोललेही. मग अक्कांनी तिथे जाऊन सगळ्या नोंदी तपासल्या. रुग्णांच्या माहितीला धक्का लागला नव्हता. गिऱ्हाईक टिकलं. पुढे आम्ही कुठलाही बदल पाठवला की डॉक्टर फोनवर विचारायचे, "अक्का, ओसरीवर बसवलं होतं ना?" कारण त्या दिवसापासून ओळखीचा असो की बिनओळखीचा, प्रत्येक पाहुणा ओसरीवरच. जुनी रीत मोडताना अक्कांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "घर तें घर, ऑफिस तें ऑफिस. मी दोन्ही एक केलें, तें चुकलें."

मी नोकरी सोडली त्या दिवशी माझे सगळे पासवर्ड अक्कांनी स्वतः बंद केले. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. मग मला जेवायला पट्टीश्वरमला घेऊन गेल्या. त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. म्हणून शहाण्यासारखा ओसरीवर बसलो आणि कापीची वाट पाहू लागलो.

अक्का दारातून मागे वळल्या.

"येथें काय बसलास? तूं घरचा रे. आत ये."